उशिरा उगवणाऱ्या पताका

मिनाओ होरिगुची बाळंतपणानंतर पुन्हा शर्यतीच्या बोटीत बसली तेव्हा तिची लेक चौदा महिन्यांची होती, आणि पहिल्या सहा शर्यतींत एकच गोष्ट सहा वेळा झाली. वळणावर ती कुणाला ऐकत नव्हती. सरळ पाण्यावर तिची बोट इतरांसारखीच पळत होती. पण सुरुवातीची रेषा ओलांडायला तिला दर वेळी उशीर होत होता.

या शर्यतीत सहा बोटी रांगेत उभ्या राहून शिट्टीची वाट बघत नाहीत. लांबून वेग घेत येतात. किनाऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाचा काटा शून्यावर आला की पुढच्या एका सेकंदाच्या आत रेषा ओलांडायची. काट्याच्या आधी ओलांडली तर बाद. पूर्वी मिनाओला सेकंदाचा सातवा हिस्सा पुरायचा. आता चौथा लागत होता. ऐकायला हे काहीच नाही, पण पाण्यावर त्याचा अर्थ पाच जणांनी उडवलेला फेस खात जाणं.

बायका आणि पुरुष इथे एकाच पाण्यात उतरतात, एकाच बक्षिसासाठी. तेव्हा बोलणीही सगळ्यांचीच ऐकावी लागतात. मात्सुनुमाच्या धक्क्यावर, जिथे सगळे आपापल्या मोटरचे पंखे हातोडीने ठोकून घडवत बसतात, त्या शेडमध्ये तिच्याच शिकाऊ तुकडीतला वाकुई म्हणाला, "त्यात नवल काय? घरी लहान पोर आहे. हात आपोआप सैल पडतो. चांगलंच आहे की."

"चांगलं कसं?"

"जिवाची काळजी वाटायला लागली, म्हणजे शहाणी झालीस."

तो खोचकपणे बोलला असता तर मिनाओने त्याला तिथेच गार केलं असतं. पण तो मनापासून बोलत होता, आणि म्हणून ते वाक्य तिला चिकटून बसलं. दोन दिवसांनी एका बातमीदारानेही तिच्या उशिराला 'आईचं काळीज' म्हणून टाकलं.

मिनाओला रागापेक्षा कुतूहल जास्त वाटलं. भीती म्हणजे काय हे तिला माहीत होतं. शिकाऊ असताना पहिल्या वळणावर तिच्या तोंडाला कोरड पडली होती आणि तळवे घामेजले होते. मग आताही तसं होतंय का? ती प्रत्येक शर्यतीआधी स्वतःला तपासू लागली. जीभ टाळूला लावून बघायची: ओली. तळवे बघायची: कोरडे. वेगाची लिव्हर आवळताना बोटं अडखळतात का, याकडे लक्ष ठेवायची. अडखळत नव्हती. मालकिणीलाच कधी भेटत नाही अशी ही भीती कसली?

शर्यतींचे सहा दिवस सगळ्यांना तिथेच राहावं लागतं आणि, शर्यतींवर लोक पैजा लावतात म्हणून, आल्या आल्या फोन काढून घेतात, त्यामुळे नवऱ्याशी बोलून मन हलकं करायचीही सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकांच्या न्हाणीघरात तिच्याबरोबर फक्त तोकिए सामेजिमा होती. चोपन्न वर्षांची, त्या धक्क्यावरची सगळ्यात जुनी बाई. दोन मुलं झाली होती, आणि दोन्ही वेळा ती पाण्यावर परतली होती.

"तोकिए-सान, एक विचारू? तुम्ही परत आलात तेव्हा तुम्हालाही सुरुवातीला उशीर व्हायचा का?"

तोकिए गरम पाण्यात हनुवटीपर्यंत बसली होती.

"पहिल्या मुलानंतर," ती म्हणाली. "तीन वर्षं."

"तीन वर्षं? मग कुणाला विचारलंत?"

"कुणाला विचारणार? तेव्हा इथे मी एकटीच बाई. पुरुषांच्या आंघोळी उरकल्या की मला कोमट पाणी मिळायचं. तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, बघा, टरकली. म्हणून गप्प बसले. आणि खरं सांगू, मीही तेच धरून चालले होते."

"मग ठीक कशा झालात?"

"एक दिवस झाले. का, ते माहीत नाही."

"जाणून घ्यावंसं नाही वाटलं?"

"वाटायचं ना. पण त्यासाठी करायचं काय, हे सुचायचं नाही." तिने चेहऱ्यावर पाणी मारलं. "तुला सुचलंय का काही?"

मिनाओला सुचलं नव्हतं. पण सकाळी दोघी चित्रफिती बघायच्या खोलीत जाऊन बसल्या आणि बाळाआधीची एक शर्यत नि कालची एक, अशा आलटूनपालटून लावू लागल्या. दहाएक वेळा बघूनही काही हाती लागेना.

"तू लिव्हर पूर्ण कधी आवळतेस?" तोकिएने विचारलं.

मिनाओ जरा घुटमळली. प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती कुणी कुणाला सांगत नाही.

"पताका उगवल्या की," तिने शेवटी सांगून टाकलं. रेषेच्या अलीकडे पाण्यावर उंच दोरी बांधलेली असते, पताका लावलेली. बोटीच्या पुढच्या कवचामागे वाकून बसलं की ती आधी दिसत नाही; जवळ गेलं की कवचाच्या कडेवर पताका वर येतात. त्या दिसल्या की मिनाओ लिव्हर आवळायची. नऊ वर्षं तिने दुसरी खूण वापरली नव्हती.

तोकिए उठली आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "हे थांबव. आता जुनी लाव. थांबव. तू खाली बसतेयस."

"छे. तशीच तर बसते."

"हेल्मेट बघ, कवच बघ."

मिनाओने बघितलं आणि मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा बघितलं.

मोटरी सांभाळणारे कुरामोची साठी ओलांडलेले गृहस्थ होते. त्यांनी शेडमधल्या कोरड्या बोटीत मिनाओला गुडघ्यांवर बसवलं, टेप लावली, पडद्यावरच्या जुन्या चित्रात बोटीवरच्या आकड्याची उंची धरून हिशेब केला.

"तीन सेंटिमीटर," ते म्हणाले. "पूर्वीपेक्षा डोळे तीन सेंटिमीटर खाली. गुडघे फाकवून, भार मागे टाकून बसतेस. अगं, पोराला मांडीवर घेऊन बसावं तशी बसतेयस."

बाळंतपणानंतर कंबर दुखायची, तेव्हा ती असं बसायला लागली असणार. दुखणं गेलं, बसणं राहिलं. डोळे खाली, म्हणून पताका उशिरा उगवत होत्या. आणि ती मात्र पताकांवर विश्वास ठेवून प्रामाणिकपणे उशिरा लिव्हर आवळत होती.

"एवढंच?" मिनाओ म्हणाली.

"एवढंच," तोकिए म्हणाली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

पाचव्या दिवशी मिनाओने गुडघ्यांखाली जाड गादी घातली. वर घाईघाईत हेही ठरवलं की पताका दिसायच्या किंचित आधीच आवळायचं. दोन्हींपैकी एकच पुरेसं होतं. बोट रेषेवरून सुसाट गेली आणि तिला वाटलं, हेच, हेच ते. पहिलं वळण येण्याआधीच भोंग्यावरून तिच्या बोटीचा आकडा पुकारला गेला. सेकंदाचा शंभरावा हिस्सा आधी. बाद. तिच्यावर पैजेची लावलेली सगळी तिकिटं रद्द, आणि वर तीस दिवस पाण्याबाहेर.

रिवाजाप्रमाणे ती धक्क्यावर प्रत्येकासमोर कमरेत वाकून माफी मागत फिरली. वाकुईने मान डोलावली. कुरामोचींसमोर ती वाकली तेव्हा ते हातातला पाना पुसत होते.

"असू दे," ते म्हणाले, वाकुईला ऐकू जाईल अशा आवाजात. "टरकलेली बाई काट्याच्या आधी पोचत नसते."

ते तीस दिवस मिनाओने घरी काढले. लेकीने त्यात चालायला शिकून घेतलं. मिनाओ रोज जमिनीवर गुडघे टेकून भिंतीवरच्या खुणेशी डोळे जुळवायची, आणि लेक तिच्या पाठीवर चढायची. परतल्यावर पहिल्या शर्यतीत ती वेळेत निघून तिसरी आली. पुढच्या महिन्यात एकदा पहिली. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या, शर्यतीतल्याच दोघींनी तिला फोन करून बसण्याचं माप विचारलं. तिसरीने कंबरेचं विचारलं, त्यावर मिनाओ म्हणाली, "ते मला कळत नाही, पण आपण शोधू."

तोकिएने मात्र वेगळीच गोष्ट मागितली. तिच्या नणंदेने त्या काळच्या तिच्या शर्यती टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून ठेवल्या होत्या. एका रविवारी ती कॅसेटी आणि कुठूनसं मिळवलेलं जुनं यंत्र घेऊन मिनाओच्या घरी आली.

"माझंही माप काढ," ती म्हणाली.

दोघींनी दुपारभर चित्रं थांबवून थांबवून पट्टीने मोजलं. मुलाआधीच्या चार शर्यती, नंतरच्या सात. मिनाओने आकडे दोनदा तपासले, कारण ते तिला सांगायचे नव्हते.

"तोकिए-सान, फरक नाहीये. तुम्ही तशाच बसत होतात."

"एक मिलिमीटरही नाही?"

"नाही."

तोकिए पडद्याकडे बघत राहिली. तिथे पंचविशीतली एक बाई पिवळ्या बोटीत वाकून बसली होती, बाकी पाच पुढे निघून गेले होते.

"म्हणजे मी खरंच घाबरले होते," ती हळूच म्हणाली. मग तिला हसू यायला लागलं. "ती सात शर्यतींची कॅसेट बघ ना. शेवटची. ती शर्यत मी जिंकलेय."

"हो?"

"आणि त्या तीन वर्षांत अजून एकवीस. सगळ्या घाबरत." तिने रिमोट उचलला. "शेवटची लाव. कशी जिंकले, ते मला बघायचंय. तेव्हा बघायचं धाडस झालं नव्हतं."