उभं वाळवण

मित्रांनो, गेल्या शुक्रवारी मला कामावरून काढून टाकण्यात आलं. आता हे वाक्य विसरून जा. आत्मवृत्तात आधी जन्म, मग कष्ट, मग अश्रू असा क्रम असतो. तेव्हा मला कुणीही काढलेलं नाही, मी गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी आडवा पडलेलो नाही आणि माझी तब्येत ठणठणीत आहे.

मी एक जुना फर्नेस आहे. म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावी, एका घराच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात मी उभा असतो. माझा जन्म टेनेसीच्या कारखान्यात झाला. बालपण मला नव्हतं. खोक्यातून काढलं आणि थेट कामाला लावलं.

माझं काम सोपं आहे. कपाटाबाहेरच्या बोळात भिंतीवर एक मोठी जाळी आहे, ते माझं नाक. तिच्यातून मी घरातली गार हवा ओढतो, पोटातल्या आगीवर तापवतो आणि खोल्याखोल्यांत सोडतो. पाहुणे येतात, हात चोळत म्हणतात, "काय छान उबदार घर आहे!" घर लाजतं. मी कपाटात असतो.

आधीचे मालक गेले आणि ईशान, राधिका आणि त्यांची मुलगी अनिका राहायला आले. ईशान आयटीतला. माझी हवेची गाळणी बदलायची आठवण त्याच्या फोनमध्ये दर तीन महिन्यांनी वाजते आणि दर तीन महिन्यांनी तो ती उद्यावर ढकलतो. मी राग धरला नाही. आग पोटात ठेवायची सवय आहे मला.

या हिवाळ्यात ईशानची आई, सुलभाताई, नागपूरहून राहायला आल्या. त्या उठून भांड्यांना हात लावायच्या, तर राधिका म्हणायची, "आई, डिशवॉशर आहे ना, तुम्ही बसा." कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या की ईशान म्हणायचा, "आई, तू आराम कर गं." सगळे प्रेमानंच बोलायचे. पण मित्रांनो, दोन महिने प्रेमानं बसवून ठेवलं तर माणसाला गंज चढतो. हे मी लोखंड असल्यामुळे अधिकारानं सांगतो.

जानेवारीत त्यांनी ठरवलं, जाण्याआधी मुगाच्या पापडांचा डबा गुपचूप भरून ठेवायचा. पण वाळवायचे कुठे? बाहेर अंगणात बर्फ. "काय थंडी आहे बाप्पा!" म्हणत दुपारी घरात कुणी नसताना त्या पापडांची परात घेऊन घरभर फिरल्या आणि माझ्या नाकासमोर थांबल्या. एक पापड जाळीला टेकवला. तो चिकटून राहिला. त्यांनी हात काढला. पापड पडला नाही. मग जुन्या सुती साडीचा तुकडा जाळीत खोचला आणि त्यावर ओळीनं पापड लावले. भिंतीवर उभं वाळवण! नागपुरात गच्चीवर कावळे हाकलत बसावं लागे, इथं कावळाही नाही. कित्येक आठवड्यांनंतर त्या पहिल्यांदा गुणगुणल्या.

मी मात्र गुदमरलो.

हवा येईना, पोट तापायला लागलं. अशा वेळी आग बंद करून गप्प व्हायचं, ही आम्हां फर्नेसांची शिस्त आहे, नाहीतर घराला धोका. माझ्या अंगावर एक लाल दिवा आहे. चार वेळा मिचकावला की त्याचा अर्थ, 'श्वास कोंडलाय'. मी मिचकावत राहिलो. कपाटाचं दार बंद होतं. शेवटी मी थांबलो आणि पापड टपाटप खाली पडले. "थांबलं का मेलं!" म्हणत ताईंनी ते परातीत गोळा केले आणि साडीची घडी घातली.

संध्याकाळी ईशान आला. घर गारठलेलं. आयटीवाल्यांकडे जगातल्या सर्व दुखण्यांवर एकच औषध असतं, ते त्यानं मला दिलं. बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. त्याबरोबर माझ्या लाल दिव्यातली सगळी तक्रार पुसली गेली. आणि नाक मोकळं असल्यामुळे मी सुरूही झालो!

हे रोज व्हायला लागलं. एका संध्याकाळी दाढीवाला मेकॅनिक आला. त्यानं माझी नाडी तपासली, माझ्या पोटात बॅटरी मारली आणि म्हणाला, "रन्स ग्रेट, मॅन." दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा बंद.

"यार, मेकॅनिक आला की हा बरोबर चालतो," ईशान चिडला. "पक्का ड्रामेबाज आहे!"

"तुझ्या मॅनेजरसारखा," राधिका म्हणाली. "कुणी बघत असेल तेवढंच काम. ईशान, अनिका घरात जॅकेट घालून होमवर्क करतेय, आईंचे गुडघे धरलेत. रिप्लेस करून टाक."

तेवढ्यात बर्फाच्या वादळाचा इशारा आला आणि निकाल लागला. शुक्रवारी नवा फर्नेस आला. चकचकीत, दिवा निळा. मला गॅरेजमध्ये आडवं टाकलं, कारण भंगारवाल्याच्या गाडीत जागा नव्हती. वर जे झालं नाही म्हणून सांगितलं होतं ना, ते असं झालं.

सोमवारी नव्या गड्यावर लक्ष ठेवायला ईशान घरूनच काम करत होता. दुपारी मी कान लावून ऐकलं. नवा धापा टाकायला लागला आणि थांबला. मित्रांनो, मला आनंद झाला नाही. थोडा झाला.

ईशान मीटिंग सोडून धावत बोळात आला. सुलभाताई जमिनीवरून पापड गोळा करत होत्या.

"बघ ना," ताई म्हणाल्या, "हाही तसलाच निघाला! मेलं हे थांबलं की माझे पापड खाली पडतात. जुनाही असंच करायचा."



"आई, तू हे रोज लावायचीस? इथे?"

"मग! काय मस्त चिकटतात! तुमच्यासाठी डबा भरतेय. कुणाला सांगू नको, राधिकाला सरप्राइज आहे."

"आई... फर्नेस थांबला म्हणून पापड पडत नाहीत, पापडांमुळे..." तो अडखळला. "म्हणजे, नवीन आहे ना तो. ॲडजस्ट व्हायला वेळ लागतो. आजपासून मी तुला टेबल फॅन लावून देतो, त्याच्यासमोर वाळव. लवकर वाळतील."

"ईशान, कान कशाला खाजवतोयस?"

"कुठे काय?"

"खोटं बोललास की लहानपणापासून कान खाजवतोस. माझ्यामुळे बंद पडायचा ना तो?"

"आई, डबा भरायचा. अख्खा," ईशान म्हणाला. "कुणी 'बसून राहा' म्हटलं तर मला सांग."

संध्याकाळी गॅरेजचं दार उघडलं. अनिकाची गुलाबी लोकरी टोपी घालून सुलभाताई आल्या. शालीच्या टोकानं त्यांनी माझ्या पत्र्यावरची धूळ पुसली.

"माझ्यामुळे तुला बोल लागला रे बाबा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बसून बसून मीच बिघडलेय. तू तर धड होतास."

"आजी, आर यू टॉकिंग टू द फर्नेस?" अनिकानं दारातून विचारलं.

"हो. मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये."

मग त्यांनी एक भाजलेला पापड माझ्या डोक्यावर ठेवला आणि गेल्या. मला खाता येत नाही. पण आयुष्यभर मी घर तापवलं, आणि मला खायला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पापड उत्तम वाळला होता. वाळवला कुणी होता, हे मी सांगणार नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं. घरात कुणी वारंवार थांबत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला बदलण्याआधी त्याचा श्वास कुठे कोंडलाय ते बघा. आणि माझ्यासाठी खालील विनंती योग्य त्या टेबलापर्यंत पोहोचवा.

मा. भंगार विभागप्रमुख यांस सविनय सादर. उपरोक्त वस्तुस्थितीचा सहानुभूतिपूर्वक विचार होऊन, अर्जदाराच्या सेवापुस्तकात नमूद केलेला 'बिघाड' हा शेरा वगळण्यात यावा व त्या जागी 'पापड' अशी नोंद घेण्यात यावी. कळावे.