भुऱ्याच्या नावाची मूठ

कानबाई देवीच्या नैवेद्याला जाड रोट करतात, त्या रोटाचे गहू आमच्या घरात मुठीने मोजतात. घरातल्या प्रत्येक गड्याच्या नावाने सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोराच्याही. बायकांच्या नावाची मूठ नसते. का नसते, हे मी घरच्या कर्त्याला, आबाला, एकदा विचारलं, तर आबाने वहाण उचलली.

झुंबरबाई माझी मोठी वहिनी. दादा गेला, पोर झालंच नव्हतं, म्हणून तिच्याकडची मूठ बंद झाली. त्या श्रावणात तिने सगळ्या भाऊबंदांसमोर टोपलीत जास्तीची सव्वा मूठ टाकली.

“ही कोनी वं?” आबाने विचारलं.

“मना भुऱ्यानी.”

भुऱ्या तिचा कुत्रा. भाऊबंद पोट धरून हसले. एक जण म्हणाला, “त्याले फेटाबी बांध!” तिने मूठ मागे घेतली नाही.

भुऱ्याची दाढ तेव्हा सडली होती. डोळ्याखाली गळू फुटून पू गळायचा. भाकरी हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. नुसता हाडांचा सापळा राहिला होता. मी त्याला गाडीत घालून धुळ्याला ढोरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर पुण्याकडचे. म्हणाले, “शुद्धीवर असताना हा हात लावू देणार नाही. क्लोरोफॉर्म देऊन दाढ काढू. मंगळवारी आणा. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही.”

का नाही, ते सांगितलं नाही. खेड्यातल्या माणसाला हुकूम पुरतो, असं या शिकलेल्यांना वाटतं. मी तो हुकूम घरी जसाच्या तसा ऐकवला.

मंगळवारी वहिनीही आली. टेबलावर भुऱ्याचे पाय पट्ट्यांनी बांधले. डॉक्टरांनी विचारलं, “यानं काही खाल्लं नाही ना?”

“नही साहेब.”

वहिनी खोटं बोलणारी बाई नव्हती.

कापूस घातलेली चामड्याची टोपी नाकावर बसवली. भुऱ्या धडपडला, वहिनीकडे बघत राहिला. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला तसा सैल पडला. डॉक्टरांनी दाढेला चिमटा लावला. दाढ हलली. आणि त्याचं पोट आत ओढलं गेलं, घशातून पांढरं काहीतरी वर आलं. खीर. तिच्यात रोटाचे तुकडे. श्वासासरशी ते परत आत गेलं, पण पोटात नाही.

“मुंडकं खाली करा! खाली!”

मी त्याला मागच्या पायांनी उलटा धरला. डॉक्टरांनी फडक्याने जीभ बाहेर ओढली, घशात बोटं घातली, फासळ्या दाबल्या. जीभ निळी पडत गेली. मी पाय धरून उभा. दुसरं काय करणार होतो?

“मी विचारलं होतं!” डॉक्टर वहिनीवर धावले. “भूल दिलेल्या जनावराला खोकता येत नाही, बाई! पोटातलं वर येतं ते सरळ छातीत जातं!”

“आते सांगतस, साहेब?” वहिनी म्हणाली. मग भुऱ्याचं तोंड पदराने पुसत, “त्यानी खानं नही खादं. परसाद शे तो. देवीना रोट खीरमा कुस्करीसन दिधा. इतला दिनमा पहिल्यांदा चाटा त्यानी.”

परसाद म्हणजे काही जेवण नव्हे. मरणाऱ्याच्याही ओठाला आम्ही तो लावतो. डॉक्टरांना कानबाई माहीत नव्हती, माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. ते हात धुवायला गेले.

भुऱ्याला शेताच्या बांधावर पुरला.

रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, आणि पुनवेच्या आत संपवावाच लागतो. भुऱ्याच्या वाट्याचा अर्धा रोट टोपलीत उरला होता.

“माले सुतक शे, आबा,” वहिनी म्हणाली. “मी रोट खावाव नही.”

“कुत्रानं सुतक? डोकं फिरी गयं का तुनं? देवीना रोट उराले नको. खाई टाक.”

“मी खातो,” मी म्हणालो.

“तुना वाटा तू खादा. मूठ तिनी टाकी, तीच खाई.”

भाऊबंद ओट्यावर बसले होते. आज कोणी हसलं नाही, पण आबाला अडवलंही नाही. वहिनीने वाळलेल्या रोटाचा तुकडा मोडला. आधी नाकाशी नेला, मग तोंडात घातला. तो काही केल्या उतरेना. पाणी प्याली, पुन्हा चावला.

टोपली रिकामी होईपर्यंत आबा समोरून हलला नाही.