कंप्युटरला लागलेली नजर

अपडेट घेतल्यापासून मुनव्वरशेठच्या मिरचीच्या पेढीतला कंप्युटर बिल काढायला गेलं की निळा पडे. बंद करून चालू केला, तरी पुन्हा निळा. पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणे, "अपडेट परफेक्ट आहे. तुमच्याच मशीनला काहीतरी झालंय." मुनव्वरशेठला वाटे, याला उचलून मिरचीच्या ढिगात बसवावं.

"नजर!" म्हणत शेठच्या बायकोनं, अख्तरबानोनं, मूठभर मिरच्या कंप्युटरवरून उतरवून निखाऱ्यावर टाकल्या. ठसका लागला नाही, की नजर पक्की. मिरचीत जन्म गेलेल्या या घरात ठसका कधी कुणाला लागलाच नव्हता. त्यामुळे फ्रीजपासून जावयापर्यंत सगळ्यांना नजर लागलेली.

एवढ्यात इंजिनिअर खोकत खोकत टेबलाखाली गेला.

"ठसका लागना! म्हंजे नजर नई शे," त्याला ठसका लागलेला पाहून अख्तरबानोनं निकाल दिला. "तुन्हं अपडेटच भंगार शे. काढ ते!"