वर न गेलेली चिठ्ठी

"हे पान पुस्तकातून निघेल," अध्यक्ष वेर्नर ऱ्हायनर म्हणाला. त्याने कागद पालथा घातला आणि वर बिअरचा पेला ठेवला.

रविवारची प्रार्थना आटोपून समितीचे तिघे गावच्या खाणावळीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. हिंटरएकच्या पुरुष गायकमंडळाला त्या वर्षी सव्वाशे वर्षं होत होती आणि मंडळाचा इतिहास छापायला जायचा होता. तो लिहिला होता चिटणीस जोस्ट फिगीने. जोस्ट चौऱ्याहत्तर वर्षांचा. बेचाळीस वर्षं त्याने लाकूडगिरणीत काढली, अठ्ठेचाळीस मंडळात. आवाज खालच्या बासचा, म्हणजे सगळ्यांत खर्जातला. लग्न केलं नाही. हजेरीवही आणि इतिवृत्त छत्तीस वर्षं त्याच्याकडेच होतं. त्याच्या अक्षराची गावात तारीफ होती. गाण्याबद्दल कधी कोणी काही बोललं नव्हतं.

"एकशे सोळा पानं आहेत," जोस्ट म्हणाला. "हेच का निघायचं?"

"कारण उरलेल्या एकशे पंधरा पानांत आपण गातो. या पानात आपण हरामखोर ठरतो."

"आपण नाही. मी."

झेंडेकरी हाइरी त्सोप्फी हसला. "अरे बाबा, पापं सांगायचीत तर कॅथलिक हो आणि डोंगर ओलांडून पलीकडे जा. आपल्या प्रोटेस्टंटांकडे ती सोय नाही."

पेल्याखालचं पान १९७८ सालचं होतं. मंडळाचा नियम सगळ्यांना पाठ होता: वर्षात तीनदा न कळवता गैरहजर राहिलेल्याचं नाव कमी होतं. नाव कमी झालेल्याच्या कबरीवर मंडळ गात नाही. गाणाऱ्याच्या कबरीवर तीन कडवी म्हटली जातात आणि खड्ड्यावर झेंडा तीनदा झुकतो. हिंटरएकमध्ये माणूस डॉक्टरची वेळ चुकवायचा, शुक्रवारचा सराव चुकवायचा नाही.

बाल्झ त्सेंटनर वरच्या आवाजाचा, पहिला टेनर होता. उन्हाळाभर गुरं घेऊन वरच्या कुरणावर असायचा. त्या वर्षीच्या पहिल्या दोन गैरहजेऱ्या त्याच्याच होत्या. तेव्हाच्या अध्यक्षाशी, म्हणजे वेर्नरच्या वडिलांशी, त्याचं वाजलं होतं आणि तो मुद्दाम आला नव्हता. तिसरी वेगळी. ऑगस्टमध्ये मेळाव्यामुळे सराव शुक्रवारऐवजी बुधवारी ठेवला. वर कुरणावर निरोप जायचा तो सामान नेणाऱ्या, तारेला टांगलेल्या पेटीतून. तार गिरणीशेजारून निघायची, म्हणून चिठ्ठी पेटीत टाकायचं काम जोस्टचं. चिठ्ठी त्याच्या कामाच्या कोटात राहिली. बुधवारी त्याने त्सेंटनरच्या नावापुढे 'न कळवता' असं लिहिलं. शुक्रवारी बाल्झ अडीच तास उतरून आला, तर सराव व्हायचा त्या शाळेच्या दाराला कुलूप. पुढच्या बैठकीत तो म्हणाला, चिठ्ठी आलीच नाही. सगळ्यांनी जोस्टकडे पाहिलं. जोस्ट म्हणाला, "पाठवली होती."

ऑक्टोबरात कड्यावरचं गवत कापताना बाल्झ पडला. मंडळ साध्या कोटांत दफनभूमीच्या भिंतीशी उभं राहिलं. कोणी तोंड उघडलं नाही. झेंडा कपाटात होता.

"तेव्हा का बोलला नाहीस?" वेर्नरने विचारलं.

"भ्यालो."

"आणि आता शूर झालास होय? उत्सवाच्या तोंडावर?"

"इतिहास लिही म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"इतिहास लिही म्हटलं, जोस्ट. आम्हाला चव्हाट्यावर आण असं नाही म्हटलं." वेर्नरचा आवाज चढला नव्हता. "लोक काय म्हणतील? म्हाताऱ्या ऱ्हायनरने भांडणाचा सूड घेतला. आणि त्याची ती विधवा, अगाथा? एकतीस वर्षं झाली, आपण चर्चमध्ये गायला उभे राहिलो की ती उठून चालती होते. तिला जाऊन सांगायचं, बाई, तुझंच खरं होतं?"

"हो."

"नाही छापणार. आणि हट्ट धरलास तर कलम नऊ तुलाही आहे. मंडळाची बदनामी. तू दर महिन्याला शहरातल्या इस्पितळात कशाला जातोस ते गावाला कळतं. झेंडा कोणासाठी झुकतो, याचा जरा विचार कर."

हाइरी आपल्या पेल्यात पाहत राहिला. जोस्टने पेला बाजूला केला, ओलं वर्तुळ उमटलेलं पान उचललं आणि घडी न घालता घरी नेलं.

वार्षिक सभा सप्टेंबरातल्या शनिवारी दुपारी शाळेत भरली. एकोणीस जण हजर होते. आधीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचल्याशिवाय मंडळात पुढचा विषय निघत नाही. ते वाचतात तेव्हा कोणी ऐकत नाही. माणसं चष्मे पुसतात, गुरांचे भाव विचारतात. जोस्टने उभं राहून समितीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला घेतलं. चर्चेला आलेला मजकूर इतिवृत्तात जसाच्या तसा यावा, असाही नियम होता. आजवर तो कोणी पाळला नव्हता. जोस्टने पाळला. चौथ्या वाक्याला गुरांचे भाव थांबले.

"बंद कर," वेर्नर म्हणाला.

जोस्ट वाचत राहिला. कोट, खिसा, चिठ्ठी, आपण दिलेलं उत्तर. शेवटी त्याने विचारलं, "इतिवृत्त मंजूर?"

एकही हात वर गेला नाही.

"फाडा ते पान," मागून कोणीतरी म्हणालं.

"फाडता येत नाही," हाइरी म्हणाला. "पानांना आकडे आहेत. तुझ्या आज्यानेच घातलेत."

मग बाकी सगळं पटकन झालं. वेर्नरने कलम नऊ वाचलं. जोस्टने बाजू मांडायला नकार दिला. "मी वाचलं ते पुरे," तो म्हणाला. हात वर झाले. हाइरीचा सर्वांत शेवटी, तोही कोपरात वाकलेला. आकडा लिहिणं चिटणिसाचं काम होतं, म्हणून जोस्टने तो लिहिला: नाव कमी करण्याच्या बाजूने अठरा, विरोधात कोणी नाही, एक तटस्थ. शाई वाळेपर्यंत तो थांबला. मग वही वेर्नरकडे सरकवून त्याने खुंटीवरची टोपी घेतली.

"आता तुझ्या खड्ड्यावर कोण गाणार रे?" टेनरांच्या रांगेतून प्रश्न आला. "गिरणीची करवत?"

थोडे लोक हसले. जोस्टने दार ओढून घेतलं.

पुस्तक ऑक्टोबरात निघालं आणि घरोघर वाटलं गेलं. १९७८ सालाखाली लिहिलं होतं: 'मंडळाने जिल्हा मेळाव्यात भाग घेतला. एक सभासद कमी झाला.' लेखकाचं नाव नव्हतं.

त्याच आठवड्यात जोस्ट गावाच्या वरच्या टोकाला अगाथा त्सेंटनरच्या घरी गेला. ती मागच्या वाफ्यात कोबी कापत होती. फाटक वाजलं तेव्हा तिने मान वर केली.

"तुम्हाला काय हवंय?"

शाळेत चार वर्षं दोघं एका बाकावर बसली होती. या गावात आपल्या वयाच्या माणसाला 'तुम्ही' म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. हे दार तिने १९७८ साली लावलं होतं.

"चिठ्ठी मी पाठवली नव्हती," जोस्ट म्हणाला.

सुरी थांबली नाही. "ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"बाल्झ खोटं बोलत नव्हता. मग कोण बोलत होतं? एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मी बोलायचं?" तिने कोबीचा गड्डा टोपलीत टाकला. "वा. गुन्हा तुमचा आणि साक्षही मीच फिरवत बसायची?"

"त्यांनी मला काढलं," जोस्ट म्हणाला.

"ऐकलं. म्हणून काय, आत बोलावून कॉफी पाजू तुम्हाला?"

"नको. कबरीवरचं गाणं राहिलंय. तेवढं म्हणायचंय."

"कुठे म्हणणार? पंचवीस वर्षं भरली, नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीने कबर मोडली. तिथे गवत आहे आता. दुसऱ्या कोणासाठी मोकळी ठेवलीय जागा."

"दगड असेल ना?"

तिने सुरीच्या टोकाने दाखवलं. दगड पाण्याच्या हौदाशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. नाव वाचता येत होतं.

"हे तुम्हाला हलकं वाटावं म्हणून आहे," अगाथा म्हणाली. "माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी तर नाहीच."

"असेल."

"म्हणा आणि जा. परत येऊ नका."

जोस्टने टोपी काढली आणि दगडासमोर उभा राहिला. खालचा बास एकटा गायला तर त्यात चाल नसते. पहिलं अख्खं कडवं जवळजवळ एकाच सुरावर जातं, दोन पायऱ्या खाली उतरतं आणि परत येतं. त्याचा श्वास आता पुरत नव्हता. ओळीच्या मध्येच तो घ्यावा लागत होता. अगाथा त्याच्याकडे पाठ करून कोबी कापत राहिली.

कडवं संपल्यावर तिने न वळता विचारलं, "हे काय आहे?"

"खालचा आवाज. चाल टेनरकडे असते."

"त्याच्याकडे होती."

"हो."

त्याने दुसरं कडवं म्हटलं. मग तिसरं सुरू केलं. तिसऱ्या कडव्यात तिसरी ओळ पहिला टेनर एकटा म्हणतो; उरलेले थांबतात. जोस्ट थांबला. पँटच्या शिवणीवर त्याचं बोट ठेका मोजत होतं. अगाथाची सुरी देठावर तशीच टेकलेली राहिली. हौदात पाणी पडत होतं. जेवढा वेळ त्या ओळीला लागतो तेवढा वेळ दोघंही तशीच उभी होती. मग जोस्टने आपल्या जागेवर खालचा सूर धरला आणि अगाथाने देठ कापला.