इंजिनाची आंघोळ

शिक्षणाने माणूस नम्र होतो, असं मी तेवीस वर्षं कॉलेजात सांगत आलो आहे. मी स्वतः नम्र झालो तो एका मंगळवारी दुपारी, आणि त्यात शिक्षणाचा काडीचाही वाटा नव्हता.

त्या दिवशी ताईचं कागद कापायचं मशीन हलवायचं होतं. ताई पुस्तकबांधणी करते. मशीन गेलं तर तिचा धंदा बसला, कारण तसलं मशीन आता कोणी बनवत नाही. जुन्या जागेची किल्ली संध्याकाळी पाचला द्यायची होती आणि बुधवारी सकाळी इमारत पाडणार होते. ताई आठवडाभर आधीच भाड्याचा ट्रक सांगायला निघाली होती. "घरचा असताना?" असं मीच म्हणालो.

घरचा म्हणजे वडिलांचा. छोटा, पेट्रोलवर चालणारा, कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. वडील गेल्यापासून मी तो महिन्यातून दोनदा फिरवायचो. तक्रार नव्हती. रविवारी मी त्याचं इंजिन धुतलं. बहिणीच्या कामाला जायचं तर जरा नीटनेटकं असावं, एवढाच हेतू. सोमवारी तो सिग्नलला उभा राहिला की थंडी भरल्यासारखा थरथरू लागला आणि हिरवा दिवा लागायच्या आत बंद पडू लागला.

मी तर्कशास्त्र शिकवतो. इंजिन हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणावर चालतं; मिश्रण कार्ब्युरेटर करतो; म्हणून दोष कार्ब्युरेटरचा. युक्तिवादात फट नव्हती. मी कार्ब्युरेटर काढून जेवणाच्या टेबलावर खोलला, साफ केला, परत जोडला. दोन स्क्रू उरले. वर चार नवे प्लग घातले. ट्रक आता जास्त मनापासून थरथरू लागला.

मंगळवारी दोन वाजता तो पुलाच्या अलीकडे बंद पडला. ताईचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"वाटेत."

"वाटेत म्हणजे चालतोयस की उभा आहेस?"

"तत्त्वतः चालतोय."

"अरे, सहा माणसं मशीनभोवती हात बांधून बसली आहेत. बाहेर एक ट्रक रिकामा मिळेना. तुझं तत्त्व गुंडाळ आणि गॅरेजवाल्या मावशींकडे जा."

या मावशी वडिलांच्या काळापासून आमच्या ट्रकच्या मेकॅनिक. गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मदतीने ट्रक ढकलत, धापा टाकत मी पोचलो. मावशींनी हात पुसले, बॉनेट उघडलं आणि नुसत्या बघत राहिल्या.

"सर, इतकं स्वच्छ इंजिन मी फक्त कॅलेंडरवर बघितलंय."

"धुतलं," मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणालो.

"ते दिसतंय. पळताना कसा पळतो?"

"छान."

"आणि उभा राहिला की?"

"थरथरतो आणि मरतो."

"मग कार्ब्युरेटर कशाला खोललात?"

मी माझा युक्तिवाद पायरीपायरीने मांडला. मावशींनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, असं माझे विद्यार्थी कधी करत नाहीत. मग त्यांनी हातभर लांबीची रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि मला इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर पायाने दाबून ठेवायला सांगितलं. नळीचं दुसरं टोक मावशी इंजिनावर इकडून तिकडे फिरवत होत्या. कार्ब्युरेटरच्या खाली, मागच्या बाजूला त्यांचा हात थांबला.

"या, ऐका."

त्यांनी आपला हात ॲक्सिलरेटरच्या तारेवर ठेवला, मी नळी कानाला लावली. आत कोणीतरी दातांच्या फटीतून हवा ओढत होतं. तिथे करंगळीएवढी पितळी नळी उघडीच होती. मावशींनी तिच्यावर अंगठा दाबला. थरथर थांबली. इंजिन एकदम शहाण्या माणसासारखं बोलू लागलं.

"नको तिथून हवा खातोय. पळताना खपून जातं, उभं राहिल्यावर कळतं. इथं काय होतं, सर?"

"काही नाही. म्हणजे, ट्यूबचा एक कळकट तुकडा होता. तारेने बांधलेला, आत खिळा. मी कचरा समजून..."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तो तुमच्या वडिलांनी बसवला होता, इथंच उभं राहून. मूळची नळी फाटली, नवी मिळेना. मी म्हटलं, काका, हे तात्पुरतं आहे हं. तर म्हणाले, मी तरी कुठे कायमचा आहे? सोळा वर्षं टिकला."

वडील जाऊन सात वर्षं झाली, आणि एवढी सगळी वर्षं ट्रक मी चालवतो असा माझा समज होता.

मावशींनी नवा रबरी तुकडा कापला, आत बोल्ट सरकवला, वर पट्टी आवळली. मी टेबलावर फिरवून ठेवलेले कार्ब्युरेटरचे स्क्रू त्यांनी कानाने ऐकत पुन्हा जागेवर आणले. मग हात पुढे केला. मी खिशातले दोन उरलेले स्क्रू मुकाट्याने त्यांच्या तळव्यावर ठेवले. ते कुठले, हे त्यांनी विचारलं नाही. त्याबद्दल मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे. बाकीच्या कामाबद्दल तर आहेच.

आभार मानायला मी घसा साफ केला.

"सर, पेट्रोल जळतंय. भाषण परत आल्यावर."

साडेतीनला ट्रक ताईच्या दारात उभा होता, आणि उभा असूनही चालू होता. सहाही जण न कुरकुरता उठले. मला प्रत्येकाच्या पाया पडावंसं वाटलं. मशीन चढवायला तासभर लागला. ताई माझ्या शेजारी बसली, एक हात मागच्या काचेवर, जणू मशीनला धीर देतेय. पुलावर सिग्नल लागला. आम्ही दोघं श्वास रोखून थांबलो. इंजिन एका सुरात गुणगुणत राहिलं.

"बाबांसारखाच आवाज काढतोय मेला," ताई म्हणाली आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

पाचला दहा कमी असताना मशीन नव्या जागेत उतरलं आणि ताईने धावत जाऊन किल्ली दिली. त्यासाठी तिला ट्रक लागला नाही. दोन्ही जागांमधलं अंतर नऊशे मीटर आहे.