बदली गडी

ऑली ऑलर्टनचं शेवटचं कंत्राट सप्टेंबरअखेर संपणार होतं. क्लबचा क्रिकेटप्रमुख गॉर्डन त्याला नेटमागे गाठून सरळच म्हणाला होता, "चांगला एक डाव दाखव, वर्षभर आणखी ठेवतो. नाहीतर माझे हात बांधलेत." पस्तिशीच्या माणसाला दुसरी कुठली काउंटी विचारणार? सतराव्या वर्षापासून ऑलीने दुसरं काही केलेलं नाही. संसारही या मैदानाच्या मागच्याच गल्लीत.

मोसमभर त्याला क्लबच्या दुसऱ्या संघात कुजवलं. चौथ्या क्रमांकावर आमचा फिन मॅरियट खेळायचा, आणि त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार? पण शेवटच्या कसोटीसाठी मॅरियटला इंग्लंडने लंडनला बोलावलं आणि ऑलीला हा एक सामना मिळाला. मोसमातला शेवटचा.

आता आमच्याकडे नियम असा आहे, की इंग्लंडने कुणाला अकरात न घेता परत पाठवलं, तर तो चालू सामन्यातही येऊन खेळू शकतो. मात्र त्याच्यासाठी कोण बाहेर जाणार, त्याचं नाव नाणेफेकीआधीच लिहून द्यायचं. स्केल्टन, आमचा कप्तान, पेन हातात घेऊन ड्रेसिंगरूममध्ये आला.

"बोला, कुणाचं टाकू?"

सगळे बूट बांधायला खाली वाकले. मीसुद्धा. खरं तर सलामीच्या बेनचं टाकता आलं असतं, त्याची जागा पुढची दोन वर्षं पक्की होती. पण आमच्या लोकांना भिडेचा रोग आहे. गप्प बसणं जरा लांबलं की कुणालातरी ते सोसवत नाही, आणि तो कुणीतरी नेहमी ऑलीच असतो.

"माझं टाक रे," तो म्हणाला. "इंग्लंडचा शर्ट अंगात चढवलाय त्याने. तो काढून इथे गारठ्यात मरायला येणारे का?"

सगळे हसले. स्केल्टनने नाव लिहिलं, कागद पंचांना दिला आणि नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. मग पाऊस आला आणि आम्ही चहा पीत टीव्हीवर लंडनची कसोटी लावून बसलो.

तिथे इंग्लंडच्या कप्तानाने अकरा नावं वाचली. मॅरियट नव्हता. ऐन वेळी एक जादा गोलंदाज घेतला होता.

ऑलीने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तीन तास तरी लागतील त्याला. मोटरवेचं काम चालू आहे ना?"

बाराला खेळ सुरू झाला. पहिली विकेट लगेच गेली, स्केल्टन आत गेला आणि ऑली पॅड बांधून गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसला. मॅरियट पोचायच्या आत आणखी एक विकेट पडली, तर ऑली मैदानात जाणार होता, आणि एकदा आत गेलेल्याला त्या डावात कुणी उठवू शकत नव्हतं. तेवढंच हवं होतं, एक विकेट.

मी पंधरा वर्षं या क्लबसाठी गोलंदाजी करतोय. आपल्याच माणसाच्या विकेटसाठी देवाला विनवण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आणि हे दोघे गाढव असे खेळत होते की जन्मात खेळले नसतील! बेनचा झेल स्लिपमध्ये सुटला तेव्हा मी इतक्या मोठ्याने शिवी घातली, की खाली गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या सभासदांनी मान वर करून पाहिलं.

"हिगी, गप बस," ऑली म्हणाला. "छान खेळतोय पोरगा."

"छान? त्याच्या आईला, आज कशाला छान खेळतोय तो?"

ऑलीने चांगल्या फटक्यावर टाळी वाजवली. मला त्याचा संताप आला. माणसाने स्वतःच्या गळ्याला फास लागत असताना इतकं सभ्य राहू नये.

लंचनंतर मॅरियट आला, घामाघूम, खांद्यावर किट. तो वाईट मुलगा नाही. थेट ऑलीसमोर उभा राहिला. "ऑली, मला खरंच यायचं नव्हतं. मी त्यांना म्हटलंही."

"अरे, वेड्या! ट्रॅफिक लागलं का?"

"हो, थोडं."

गॉर्डन पंचांना निरोप देऊन आला. बदल झाला होता. त्याने ऑलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि नजर मात्र मैदानाकडे ठेवली, त्यावरून कंत्राटाचं काय ते आम्हाला कळलं.

दहा मिनिटं झाली नसतील, बेनचा मधला स्टंप उडाला.

मॅरियटचा एकच पॅड बांधून झाला होता. तो हातमोजे शोधत धडपडत होता, सगळे त्याच्या भोवती. मी वळून पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी. ऑली हेल्मेट घालून, बॅट काखेत धरून पायऱ्या उतरत होता. सभासदांना बदलाची अजून खबर नव्हती. इतक्या वर्षांचा आपला माणूस म्हणून ते टाळ्या वाजवायला लागले. फाटकावरच्या माणसाने फाटकही उघडलं.

मी धावलो. सीमारेषेच्या दोरापाशी त्याला गाठलं आणि दंड धरला.

"ऑली, अरे, तू नाहीस आता सामन्यात."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. हेल्मेटच्या जाळीमागे त्याचा चेहरा ओला झाला होता. "टाळ्या थांबेपर्यंत उभा राहू दे ना."

मी दंड सोडला. टाळ्या हळूहळू थांबल्या. मग मॅरियट धावत पायऱ्यांवर आला, आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं.