बठ्ठा जेवनात का?

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. एक लांब व्हरांडा आहे. एका बाजूला ओळीनं खोल्या, आणि प्रत्येक खोलीचं दार बंद. दाराबाहेर एकेक स्टूल, स्टुलावर जेवून ठेवलेलं ताट. वैशाखाचं ऊन फरशीवर पसरलंय आणि तुम्ही ताटं गोळा करत चालला आहात. माणूस दिसत नाही, पण ताट पाहून तो आत कसा आहे ते कळतं. जीवराम आबांच्या ताटात मिरचीचे देठ. भिकुबाईंचं ताट पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. आणि शेवटच्या स्टुलावर भाकरी तशीच, कोपरासुद्धा न मोडलेली. डाळीवर पापुद्रा धरलेला.

आता तुमच्या जागी प्रमिलाबाईंना उभं करा. पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात त्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायच्या. करोनाचं ते दुसरं वर्ष. बाहेरचा माणूस आत नको म्हणून त्या आपल्या भाविकाला घेऊन स्वयंपाकघरामागच्या खोलीतच राहायला आल्या होत्या. भाविका तिसरीत होती.

"परमिला!" जीवराम आबांनी खिडकीतून हाक मारली. "आज भाजीमा मीठ नव्हतं. तोंडले फडकं बांधीसन चव कशी दखस वं तू?"

"उद्या जास्त टाकते, आबा."

त्या हसल्या, पण नजर शेवटच्या ताटावर होती. ती खोली बेबाअक्कांची. कालही ताट असंच परत आलं होतं.

ऑफिसात हितेंद्र सर फोन ठेवत होते. आश्रमाचा कारभार त्यांच्याकडे होता. ते म्हणाले, "डॉक्टरांशी बोललो. ताप नाही, ऑक्सिजन ठीक, पण अन्न बंद म्हणजे लक्षण चांगलं नाही म्हणाले. संध्याकाळी गाडी येईल. कोविड सेंटरला नेऊ."

"सर, तिथे त्यांच्याजवळ कोण असेल?"

"कोणी नाही. नियमच आहे."

"मग तिथे तरी कशा जेवतील? झुलालनाना असेच गेले."

झुलालनाना आश्रमातले सर्वांत वडील. मागच्याच आठवड्यात त्यांना नेलं आणि ते परत आले नाहीत. म्हाताऱ्यांना धक्का बसेल, म्हणून कुणाला सांगायचं नाही असं सरांनी ठरवलं होतं. विचारलं तर म्हणायचं, मुलाकडे सुरतेला गेले. भाविकालाही तेच सांगितलेलं.

"मी काय हौसेनं पाठवतोय का, प्रमिलाबाई?" सर म्हणाले. "गाडी येईपर्यंत जेवल्या, तर थांबवतो. पुरे?"

प्रमिलाबाईंनी ताजी भाकरी थापली, वांग्याच्या भरितावर तेल सोडलं आणि ताट घेऊन शेवटच्या खिडकीशी गेल्या.

बेबाअक्का खाटेवर बसल्या होत्या. शिरपूरकडच्या एका मोठ्या खटल्यात त्या सून म्हणून आल्या, आणि त्या दिवसापासून सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. आश्रमात पंगत बसायची तेव्हाही त्या हातात भाकरीची टोपली घेऊन उभ्या. सगळे उठले की मग स्वतः बसायच्या. दारं बंद झाल्यावर पंगत मोडली. तेव्हापासून त्या ताट हातात घेण्याआधी खिडकीतून विचारायच्या, "बठ्ठा जेवनात का?" प्रमिलाबाई म्हणायच्या, "हा अक्का, सगळे जेवले." मग अक्का जेवायच्या.

"अक्का, भूक नही का?" प्रमिलाबाईंनी आज विचारलं.

"भूक शे ना बाई. भूक कथी जाई? पन बठ्ठा जेवनात का?"

"जेवनात ना."

"भिकुबाई?"

"जेवनी."

"जीवराम?"

"जेवनात. वरून मीठ नही म्हनीसन बोलनात बी."

अक्का जराशा हसल्या. मग म्हणाल्या, "नी झुलालनाना?"

"त्या सुरतले गयात ना, अक्का. तठे जेवनात व्हतीन."

अक्का उठल्या. मागच्या खिडकीशी गेल्या आणि बाहेरच्या परसाकडे बोट केलं.

"आठे परवा त्यानी खाट धोई तुम्ही. मी दखं. गादी जाळी टाकी. सुरतले गयेल मानूसनी गादी कोन जाळस वं? मी काय न्हानी पोर शे का, माले सुरत दखाडस?"

प्रमिलाबाईंनी पुढे केलेलं ताट मागे घेतलं.

"खरं सांग," अक्का म्हणाल्या. "मंग भाकर दे."

प्रमिलाबाई ताट तसंच घेऊन ऑफिसात परत आल्या.

"सर, मी अक्कांना नानांचं सांगणार आहे."

"वेड्या झालात का? आधीच जेवत नाहीत. त्यांना काही झालं तर?"

"त्यांना काय होतंय ते दिसतंयच की. त्यांना दुखणं नाही, सर. सगळे जेवल्याशिवाय त्या जेवत नाहीत, आणि नाना जेवले असं मी आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"एकीला सांगितलं की सगळ्यांना कळेल."

"कळू द्या. त्यांनी आईबाप पोहोचवले, नवरे पोहोचवले. काहींनी लेकरंही. आपण कोण त्यांच्यापासून मरण लपवणारे? मला काढायचं तर काढा. पण आता खोटं नाही बोलणार मी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. सरांनी टेबलावरचा मास्क उचलला, नाकावर नीट बसवला आणि खुर्ची मागे सारली.

"चला. तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

खिडकीपाशी उभं राहून सरांनी सांगितलं. सांगताना दोनदा अडखळले. अक्कांनी पदर पुढे ओढला. मग म्हणाल्या, "त्याना जोडे कोनी व्हतं का?"

"शेवटी जवळ कोणाला सोडत नव्हते, अक्का. पोराला सुरतेहून येता आलं नाही. पण स्मशानात मी होतो. लांब उभं केलं होतं, पण होतो."

अक्का सरांकडे पाहत राहिल्या. "बरं करं भाऊ," त्या म्हणाल्या. "एक मानूस तरी व्हतं."

सरांनी तोंड फिरवलं.

"आते बठ्ठासले सांगा," अक्का म्हणाल्या. "आम्ही एक पंगतना मानसं शेतस. नी परमिला, निंबना पाला लई ये. मसनात गयात नही आम्ही, पन पाला तरी चावू."

मयतीहून परतल्यावर निंबाचा पाला चावायची तिकडची रीत; फाटकाजवळच्या निंबाच्या डहाळ्या प्रमिलाबाईंनी तोडून आणल्या. सर एकेका खिडकीशी थांबून सांगत गेले, आणि मागून प्रमिलाबाई पानं देत गेल्या. भिकुबाई मोठ्यानं रडल्या. जीवराम आबा म्हणाले, "माले ठाऊक व्हतं. तुमले वाईट वाटी म्हनीसन मी इचारं नही." व्हरांडाभर कडू पानं चावल्याचा बारीक आवाज येत राहिला. अक्कांनी अंगावर पाणी घेतलं, ओले केस पाठीवर सोडले आणि खिडकीशी येऊन बसल्या.

ऊन कलायला लागलं होतं. सर फाटकाकडे पाहत व्हरांड्याच्या टोकाला थांबले. प्रमिलाबाईंनी भाकरी पुन्हा गरम करून आणली आणि खिडकीतून ताट आत सरकवलं.

अक्कांनी ते मांडीवर घेतलं. "बठ्ठा जेवनात का?"

"जेवनात, अक्का. जे शेतस ते बठ्ठा जेवनात."

"तू जेवनी का?"

सकाळपासून प्रमिलाबाईंच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"नी ती पोर?" अक्कांनी त्यांच्या मागे बोट केलं.

प्रमिलाबाई वळल्या. स्वयंपाकघराच्या पायरीवर भाविका उभी होती. ती केव्हापासून तिथे होती, कोण जाणे. डोळे लाल झाले होते. तिनं सगळं ऐकलं होतं, सुरतेचंही. आईनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण ती आली नाही.

"तुम्ही दोन्ही जेवा," अक्का म्हणाल्या. "मंग मी."

भाविका आत गेली. तिनं दोन ताटल्यांत भाकरी आणि भरीत वाढून आणलं. एक ताटली आईच्या पायाशी ठेवली. दुसरी घेऊन ती, आईनं शिकवलं होतं तेवढं अंतर सोडून, अक्कांच्या खिडकीसमोर फरशीवर मांडी घालून बसली. उरलेल्या डहाळीचं एक पान तोडून तिनं तोंडात टाकलं. ते थुंकलं नाही, सगळं चावून गिळलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि अक्कांना दिसेल असा तोंडात घातला.